निळ्या फुलावरची पिशवी

मी एक जुनी दाबचौकट आहे. दोन लाकडी फळ्या, दोन कातडी पट्टे, चोवीस टिपकागद आणि अकरा पुठ्ठे. बारावा पुठ्ठा वाळवीने खाल्ला. मित्रांनो, झाडाचा नमुना माझ्यात ठेवून पट्टे आवळतात. तो चपटा होऊन वाळला, की कागदावर डकवतात.

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी मला डोंगरोडोंगरी पाठीवर नेले. “हिच्यातल्या फुलांचा रंग उडत नाही,” असे पाहुणेही म्हणत. मग प्रयोगशाळेत वाळवण्याची विजेची पेटी आली आणि माझ्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. त्याचाही मला राग नाही. माझा राग आहे तो वरच्या मजल्यावर प्रेमकविता शिकवणाऱ्या सरांवर.

बाईंवर त्यांचे प्रेम होते, असे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. खाली येऊन माझ्यावर कोपर टेकवत आणि सुरू होत: “गुलाब म्हणजे प्रीती, लिली म्हणजे पावित्र्य, निळं फूल म्हणजे कधीच न गवसणारं काहीतरी...”

“आणि शेवाळ म्हणजे काय हो, सर?”

“थट्टा करता, मॅडम.”

“थट्टा कसली? माझं अर्धं आयुष्य शेवाळात गेलंय.”

काचघरात एका दुर्मिळ जातीचे जगातले शेवटचे झाड उरले होते. ते आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. यंदा त्याला एकच निळे फूल आले. बाईंनी दूरच्या बागेतून, तिथले झाड मरण्याआधी काढून बर्फात ठेवलेले परागकण मागवले, कुंचल्याने फुलाला लावले आणि दुसरे पराग शिरू नयेत म्हणून त्यावर कागदी पिशवी बांधली. आठवड्याने त्या प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा सर माझे पट्टे आवळत होते. अगदी गुडघा देऊन.

“काय ठेवलंत तिच्यात?”

“तुमच्यासाठी भेट! काचघरातलं निळं फूल. तुमच्याच चौकटीत वाळवून देणार होतो.”

बाईंनी पट्टे सोडले. फुलाचा ओला डाग माझ्या कागदावर पसरला होता.

“पिशवी दिसली नाही तुम्हाला?”

“दिसली ना! वाटलं, फुलानं लाजून तोंड झाकलंय. मी हळूच उघडलं.”

“लाजून? अहो, बी धरत होती त्यात! आठवड्याची कोवळी बी तोडल्यावर रुजत नाही. झाड गेलं, सर. जातच गेली.”

“मी प्रेमानं तोडलं, मॅडम.”

“कुऱ्हाडीनं तोडलं असतंत तर निदान तोंड वर करून सांगितलं नसतंत. निघा. आणि परत माझ्या दारात फूल घेऊन दिसलात, तर ह्या फळ्यांच्या मध्ये तुमचा हात घालीन.”

मी तयार होते.

मित्रांनो, फूल तुमच्या मनातले सांगायला उमलत नाही. त्याला त्याचे काम असते. आवडले तर वाकून बघा, वास घ्या, हवी तेवढी कविता करा. पण हात पाठीमागे ठेवा. आणि ज्याच्यावर पिशवी बांधलेली आहे, त्याच्याकडे बोटसुद्धा नेऊ नका.

सर जिना चढून गेले. बाईंनी चपटा झालेला बीजकोश पात्याने उभा चिरला, भिंगाखाली धरला आणि सुईच्या टोकाने आतले दाणे मोजले. एकूण बीजांडे एकतीस. फलन झालेली अठ्ठावीस.