वस्त्रगाळ विभूती

वाटीत चमचा वाजला, तेव्हा कुठं घरातल्यांनी श्वास सोडला. विभूतीची पुडी पाण्यात कालवून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा महाराजांचा हुकूम होता. आमच्या ह्यांनी राखेचं पाणी डोळे मिटून गिळलं.

"लई कडू हाय."

"कडूच असणार," सासूबाई म्हणाल्या, "वीस वर्सांची बिडी निघायलीय."

धूम्रहरण महाराज वडवणीच्या बाजारात पांढऱ्या जीपमधून उतरले, त्याला आठ दिवस झाले होते. दोन हजार दोन साल. त्यांची विभूती खाल्ली की बिडी सुटते, म्हणून बैलबाजार ओस आणि मंडप तुडुंब. विभूती घेणारा गावातला आश्रुबा माइक धरून सांगायचा, "तोंडाला कोरड पडली बगा, बिडी गोडच लागंना!"

"कोरड न्हाई बे, आत व्यसन जळतंय!" महाराज गर्जायचे.

"झोप बी येत न्हाई, महाराज."

"देव जागरण करून घेतोय!"

हात थरथरले तर शक्ती, डोकं ठणकलं तर कृपा. कुठलीही तक्रार घेऊन जावी, परत येताना तिचा चमत्कार झालेला असे.

खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडताना ह्यांना खोकल्याची उबळ यायची आणि सहा वर्षांची ईश्वरी इवल्या हातानं त्यांची पाठ चोळायची. आता आठ दिवस एकही बिडी नाही.

नवव्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता हे कोसळले. अंग ताठ, हातपाय झटकतायत, ओठांवर फेस. दोन मिनिटांनी झटके थांबले, पण मी कोण हे त्यांना कळेना.

महाराज आले, मागं अर्धं गाव.

"बिडीचं भूत निघायलंय, माय! शेपूट तेवढं राहिलंय. आत्ताच्या आत्ता दोन पुड्या दे."

दोन्ही पुड्या माझ्या हातात पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "आदी त्याच्या कपाळाला लावते." आमच्यात कपाळाची विभूती वस्त्रगाळ करूनच लावतात. सवयीनं त्यांनी मलमलीचा तुकडा घेतला आणि पुडी गाळली. राख खाली पडली. कापडावर राहिले पांढरे खडे, रंगीत पापुद्रे आणि एक अर्धी गोळी. गोळीवर इंग्रजी अक्षरं.

मी एक कण जिभेला लावला. कडूजहर, आणि जीभ बधिर.

सासूबाईंनी महाराजांकडं पाहिलं. "महादेव इंग्रजी कवापासून लिव्हाय लागला?"

"ती दिव्य अक्षरं हायती!"

ती दिव्य अक्षरं आम्ही मलमलीत बांधली आणि ईश्वरीसकट ह्यांना घेऊन सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर प्रणिता मॅडमनी आधी ह्यांना तपासलं, मग गोळी निरखली.

"बिडी-सिगारेट सोडायला देतात ते औषध दिसतंय हे. खरं औषध आहे. कोरड, झोप उडणं, हे त्याचेच परिणाम. पण तपासल्याशिवाय द्यायचं नाही. गोळी अख्खी गिळायची, ती पोटात हळूहळू विरघळते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात. अन् ज्याला कधी असा झटका आलाय, त्याला तर द्यायचंच नाही. ह्यांना आला होता का पूर्वी?"

"नाही," मी ठाम सांगितलं.

सासूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "सात वर्सांचा व्हता तवा. आन् लग्नाच्या आदल्या साली."

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि पोलिसांना फोन लावला.

दुपारी पोलिसांनी महाराजांची जीप उघडली. आत खलबत्ता, गोवऱ्यांची राख आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचं पोतं. तरी मंडपातले काही जण म्हणालेच, पोतंसुद्धा पवित्र असणार.

औषध खोटं नव्हतं, म्हणूनच बिडी सुटली. खोटं होतं ते त्यावरचं राखेचं पांघरूण. राख काही विचारत नाही, म्हणून ती आपल्याला आवडते. डॉक्टर दहा प्रश्न विचारतात. बायांनो, बापूंनो, ते विचारू द्या, आणि उत्तरं खरी द्या. काहीच न विचारता जो औषध देतो, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका.

संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले आणि ईश्वरीला नावानं हाक मारली. सासूबाई त्यांच्या उशाशी बसून होत्या. ईश्वरी माझ्या मांडीवर चढली, कानाशी लागली.

"आई, पप्पाला झटके यायचे हे आजीला ठावं व्हतं. मग तिनं तुला कावून सांगितलं न्हाई?"