बारीक घास

मी चारा कापायचं यंत्र बोलतोय. विजेवरचं नव्हे बरं का, हातानं फिरवायचं. मोठं लोखंडी चाक, त्याला पाती, एक मूठ आणि चारा सारायला पन्हळ. यात काय अवघड, असं वाटत असेल तर चार फेरे मारून बघा, घाम फुटेल.

घरात कामाची वाटणी ठरलेली. मालकीणबाई पन्हळीतून चारा सारायच्या, मालक चाक फिरवायचे. जेवढा जाड घास माझ्या तोंडी, तेवढं चाक जड.

पुढे मालकांना दम लागू लागला. जड काम करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, पण ऐकतील तर शपथ! मालकीणबाई भांडल्या, रुसल्या. आणि शेवटी त्यांनी घास बारीक केला. चिमूटभर काड्या सारायच्या. कामाला दुप्पट वेळ लागायचा, पण चाक भिरभिर फिरायचं.

"बघ गं, पूर्वीचा जोर परत आला!" मालक म्हणायचे.

"आलाय खरा," त्या मान खाली घालून म्हणायच्या.

मुठीवरची मालकांची पकड सैल होत चाललेली मला कळायची. पण लोखंडाला बोलता येतं का?

एकदा मालकीणबाई लेकीकडे गेल्या. पन्हळीशी सूनबाई बसली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं आपला भरघोस घास सारला आणि चाक अडलं.

"बाबा, थोडा काढून घेऊ का?"

"छे! कालच तर सहज फिरवत होतो की." मालकांनी सगळं अंग लोटून जोर लावला. चाक फिरलं, चारा कापला गेला आणि मालक माझ्याशेजारीच कोसळले. ते पुन्हा उठले नाहीत.

सून येईल त्याला रडत सांगायची, "माझ्यामुळे गेले."

आज मालकीणबाईंनी सुनेला हाताला धरून गोठ्यात आणलं. पन्हळीत चार काड्या ठेवल्या.

"फिरव."

चाक गर्रकन फिरलं. सून बघतच राहिली.

"एवढंच सारायचे गं मी. त्यांना वाटायचं, अंगात ताकद आली. तुझा काही दोष नाही, पोरी. मीच त्यांना फसवलं."

सुनेनं त्यांना मिठी मारली. दोघी माझ्या चाकाला टेकून रडल्या.

मला आता खुशाल मोडीत घाला. फक्त माझ्या मालकिणीला बोल लावू नका. चारा सारताना तिची नजर कधी पात्याकडे नसायची, मालकांच्या धपापणाऱ्या छातीकडे असायची. बोटं तुटली असती तिची.