अकरावं प्रकरण

लक्ष्मीकांत दिघे बडोद्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. पन्नाशीला टेकल्यावर त्याच्या मनानं घेतलं, की पैसा, महागाई, बाजार हे सगळं साध्या माणसाला कळेल असं एक मराठी पुस्तक लिहायचं. तो साधा माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. थोरला भाऊ नारायण बडोद्यातच तरसालीला राहत होता.

नारायण आठवी शिकलेला. वडील गेले तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि मकरपुऱ्याच्या एका काचकारखान्यात भट्टीवर लागला, म्हणून लक्ष्मीकांत कॉलेजात जाऊ शकला. दर रविवारी लक्ष्मीकांत मांजलपूरहून स्कूटरवर यायचा, लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवायचा. नारायण डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच हात वर करायचा.

"लखू, थांब. भाव बाजार ठरवतो म्हणतोस. बाजार म्हणजे कोण?"

"म्हणजे सगळेच. तू, वहिनी, भाजीवाला."

"मग तसं लिही ना! खंडेराव मार्केटात सकाळी वांगी बारा रुपये, दुपारी सात. का? कारण संध्याकाळपर्यंत ती मऊ पडणार हे भाजीवाल्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. झालं!"

लक्ष्मीकांत घरी जाऊन तसंच लिहायचा. दहा प्रकरणं अशी झाली. नारायण कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला, "मारो भाई पुस्तक लिहितोय, आणि मला विचारून लिहितोय."

मग कारखान्याला टाळं लागलं. परदेशी काच स्वस्तात येऊ लागली होती, मालकानं हात वर केले. नारायणचं वय चोपन्न. चुलत मेहुण्यानं दुकानात बसायला बोलावलं, तो गेला नाही.

एका रविवारी तो बाहेर गेलेला असताना मंदावहिनी चहा देता देता हळूच म्हणाली, "भाऊजी, कुणाला सांगू नका. अजून रोज पहाटे उठतात, कारखान्याचे कपडे घालतात. मी डबा भरून देते. साडेसहाला डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात. नऊ वाजले की आत येऊन तोच डबा खातात."

लक्ष्मीकांत त्या आठवड्यात अकरावं प्रकरण लिहीत होता: कारखाने बंद का पडतात, आणि पडू का द्यावेत. मजकूर कोरडा होत होता. प्रकाशकानंही कळवलं होतं, एखादं जिवंत उदाहरण हवं. एका बैठकीत त्यानं तो परिच्छेद लिहिला. भोंगा बंद झाला तरी डबा घेऊन ओट्यावर बसणारा कामगार. बाजारानं त्याला हाकललेलं नाही, बाजार नवं काम घेऊन दाराशी उभा आहे, पण हा मान वळवून बघायला तयार नाही. नाव बदललं, गाव बदललं. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं उतरलेलं पान तेच होतं, आणि हे त्याला कळत होतं. ते प्रकरण त्यानं तरसालीला नेलं नाही. "छपाईची घाई आहे," असं सांगितलं.

प्रकाशनाला नारायण इस्त्रीचा सदरा घालून, मंदाला घेऊन आला. लक्ष्मीकांतनंच त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पाहुणे होते बळवंतराव नावाचे कारखानदार, बोलायला मोठे रसाळ. म्हणाले, "यातलं एक पान वाचल्याशिवाय मला राहवत नाही." आणि त्यांनी अकरावं प्रकरण उघडलं.

लक्ष्मीकांत मंचावरच बसला होता. उठून त्यांना थांबवावं असं वाटलं, पण तो उठला नाही. बळवंतरावांनी डबा मांडीवर धरल्याची नक्कल केली तेव्हा सभागृह खळखळून हसलं. नारायणनं एकदाच मान वळवून बायकोकडे पाहिलं. मंदा मांडीवरच्या पर्सचा बंद ओढत राहिली. वाचन संपलं, टाळ्या पडल्या. नारायणनंही वाजवल्या.

जाताना दाराशी त्यानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "छान झालं पुस्तक." मंदा मागे राहिली होती. ती एवढंच म्हणाली, "मी घरचं माणूस म्हणून सांगितलं होतं, भाऊजी."

पुढच्या तीन रविवारी तरसालीच्या घराला कुलूप होतं. चौथ्या रविवारी लक्ष्मीकांत मांजलपुरातल्याच एका नव्या सोसायटीत विद्यार्थ्याकडे निघाला होता. फाटकाशी खुर्चीवर बसलेल्या वॉचमननं वही पुढे सरकवली आणि मान वर न करता गुजरातीत नाव लिहायला सांगून कुणाकडे जायचं ते विचारलं, "साहेब, नाम लखो. कोने त्यां जवुं छे?"

आवाज ओळखून लक्ष्मीकांत जागीच उभा राहिला. "दादा!"

नारायणनं वर पाहिलं. निळा गणवेश खांद्यात सैल होता. तो उठून उभा राहिला, धाकट्यासमोर तो कधीच उठत नसे.

"दादा, मला माफ कर. मी ते पान काढून टाकतो."

"खोटं काय लिहिलंस त्यात? बसत होतोच की. आता नाही बसत. बाजारानं काम आणलं, घेतलं." तो कडवटपणे बोलत नव्हता, म्हणून ऐकवत नव्हतं. "फक्त आधी मला वाचून दाखवायला हवं होतंस, लखू. बाकीची दहा दाखवलीस ना? मी हात वर करून एक गोष्ट सांगितली असती."

"काय? आत्ता सांग."

मागून गाडीचा हॉर्न वाजला. नारायण धावत फाटक उघडायला गेला, गाडीतल्या माणसाला त्यानं सलाम केला. परत आला तो वहीत गाडीचा नंबर लिहीत बसला. "जा तू. ड्यूटीवर बोलत उभं राहिलं तर सुपरवायझर ओरडतो."

दिवाळीनंतर नवराबायको लेकीकडे सुरतेला निघून गेली. लक्ष्मीकांतला ते शेजाऱ्यांकडून कळलं. पत्ता मिळवून त्यानं चार पत्रं लिहिली. प्रत्येकात तेच विचारलं, तू काय सांगणार होतास? उत्तर आलं नाही.

पुस्तक चाललं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यानं तो परिच्छेद काढला. प्रकाशक हळहळला. नव्या आवृत्तीची पहिली प्रत लक्ष्मीकांतनं सुरतेला पाठवली. महिन्याभरानं मंदाच्या अक्षरात कार्ड आलं:

"पुस्तक पोचले. हे आता वाचत नाहीत. आपण प्रकृतीस जपावे."

वहिनीनं त्याला आजवर कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. लक्ष्मीकांत ते कार्ड हातात घेऊन दारातच उभा राहिला. बायकोनं आतून दोनदा विचारलं, कुणाचं पत्र आहे म्हणून.