बॉयलरीणबाईंची खोली

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती सगळ्यांची नीळमावशी होती. चादर कुणाच्याही अंगाखालची असो, तिच्या हाताखालून गेली की पांढरीशुभ्र होऊन बाहेर पडायची. कुठे डाग राहिला की तिचं डोकं फिरायचं, आणि तिचं डोकं फिरलं की आजूबाजूचे लोक आपापलं काम उगाचच जोरात करायला लागायचे. अशी ही बाई निवृत्त झाली आणि चार दिवसांत घरात मांजर घेऊन आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने कपाळावर हात मारला. जन्मभर बस चालवून तोही आता घरीच बसला होता.

“लोक निवृत्त झाले की घड्याळ आणतात,” तो म्हणाला. “तू नखं आणलीस.”

मांजर धुलाईखान्यातल्या बॉयलरमागे राहायची, म्हणून तिला सगळे बॉयलरीण म्हणत. करडी, हाडापेराने मोठी, आणि कुणाच्या बापाला हात लावू द्यायची नाही. नीळमावशीने तिला वर्षानुवर्षं खायला घातलं, पण ताटली ठेवून मावशी लांब गेल्याशिवाय बाईसाहेब पुढे यायच्या नाहीत. आता ती जुनी बॉयलरची खोली पाडायला काढली होती. जनावरांच्या डॉक्टरने पिंजरा लावून बॉयलरीणला पकडलं, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं, आणि खूण म्हणून कानाचं टोक छाटलं. पण पुन्हा सोडायला जागाच उरली नव्हती. नीळमावशीने बोलून टाकलं, “माझ्याकडे द्या.”

डॉक्टर म्हणजे एक तरुण, स्पष्ट बोलणारी मुलगी. “मावशी, ही पाळलेली मांजर नाही हं. तिला एकच खोली द्या, लपायला खोका द्या. वाळूचा ट्रे रोज साफ करा, पण फिनेल अजिबात नको. हात लावायला जाऊ नका, टक लावून बघू नका. मी महिन्याभराने येऊन बघते. नाहीच रुळली तर गावाबाहेर एक तबेला आहे, तिथे सोडू.”

“तिथे बरी राहील ना?”

“खायला मिळेल. पण तिथल्या मांजरी नवीन मांजरीला जवळ येऊ देत नाहीत, आणि हिचं वय झालंय. खोटं कशाला सांगू.”

ते ऐकताच नीळमावशीने ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही तबेल्यात जाणार नाही.

परदेशी गेलेल्या मुलाची खोली रिकामी होती. तिथे खोका मांडला, खोक्यात टॉवेल घातला, आणि मावशी हात धुऊन कामाला लागली. डॉक्टरने ट्रे साफ करायला सांगितला होता. मावशीच्या हिशेबात एकटा ट्रे साफ करणं म्हणजे रोग्याची उशी बदलून चादर तशीच ठेवण्यासारखं होतं. ती रोज सकाळी टॉवेल काढून गरम पाण्यात धुवायची, वाळवून इस्त्री करायची. फरशी साबणाने पुसायची, भिंती हात पोचेल तिथपर्यंत, आणि खोका कळकट दिसला की नवा खोका.

“तुझ्या हॉस्पिटलात रोग्यांचीसुद्धा इतकी बडदास्त नसेल,” नवरा म्हणाला.

“म्हणूनच पुन्हा पुन्हा आजारी पडायचे.”

पण बॉयलरीणला बडदास्त मानवेना. ती कपाटामागे जाऊन बसली ती बसलीच. माणसांची चाहूल थांबली की जेमतेम चार घास खायची. तिच्या पाठीचं हाड दिसायला लागलं. मावशीचंही जेवणावरून मन उडालं. “अहो, आपण हिला पकडून आणलं, चुकलंच का?” असं ती नवऱ्याला विचारायची, आणि एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार ठेवणारा नवरा तेव्हा मात्र तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढायचा.

एका सकाळी दार किलकिलं करून बघते, तर बॉयलरीण बाहेर आलेली. मुलाच्या जुन्या खुर्चीच्या पायाला गाल घासत होती, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मावशीला इतका आनंद झाला की ती दारातच खाली बसली. मांजर कपाटामागे परतल्यावर ती उठली, आत गेली, खुर्चीच्या पायाला चिकटलेले केस पाहिले आणि ओल्या फडक्याने तो पाय लख्ख पुसला. हाताची सवय, दुसरं काय. मग टक लावून बघायला नको म्हणून दाराशी तोंड फिरवून बसली.

बऱ्याच वेळाने बॉयलरीण पुन्हा निघाली. सरळ खुर्चीकडे गेली, पाय हुंगला. पुन्हा हुंगला. कान मागे पाडून ती खाली दबली, आणि सरपटत कपाटामागे निघून गेली. मावशीने हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि तिला उमगलं. मांजरीने मोठ्या धीराने ‘इथे मी राहते’ असं सांगून ठेवलं होतं, आणि मावशीने ते पुसून टाकलं होतं. आजच नव्हे, रोज. रोज सकाळी ती त्या जिवाला एका नव्या, परक्या खोलीत ढकलत होती. बॉयलरमागची ती फट तिला आठवली. सगळ्या धुलाईखान्यात तिचा हात पोचत नव्हता अशी तेवढी एकच जागा होती, आणि मांजर नेमकी तिथे राहिली होती.

त्या दिवसापासून तिने फक्त ट्रेला हात लावला. सांगायला सोपं आहे. टॉवेल करडा झाला, मग मळका झाला, मग त्याला वास यायला लागला. मावशीचे हात शिवशिवायचे. जिवावर उदार होऊन ती त्याच खोलीत जमिनीवर बसायची आणि भाजी निवडायची, पेपर वाचायची, टॉवेलकडे बघायची नाही. नवरा एकदा दारातून डोकावला, वास घेतला आणि म्हणाला, “नोकरीवर असतीस तर तुला काढून टाकलं असतं.”

ताटली मात्र आता रिकामी व्हायला लागली. पुढे तर मावशी खोलीत असतानाच रिकामी व्हायला लागली. डॉक्टर येणार त्या दिवशी सकाळी मावशीने खोलीभर नजर टाकली. केस, वाळूचे कण, भिंतीला खालच्या बाजूला मांजरीने अंग घासून उठलेले तेलकट पट्टे. अशी खोली परक्या माणसाला दाखवायची म्हणजे शरमेने मान खाली जायची वेळ. तरी तिने फडकं उचललं नाही.

डॉक्टर दारात थांबली. मावशी आत जमिनीवर पाय पसरून बसलेली. बॉयलरीण खोक्यातून बाहेर आली, डॉक्टरकडे बघून थबकली. मावशीने श्वास रोखून पेपरात डोकं घातलं. मांजर भिंतीकडेने चालत आली, मावशीच्या घोट्यापाशी थांबली, आणि तिने गाल घासला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

“मावशी,” डॉक्टर हळूच म्हणाली, “तबेलेवाल्याला मी नाही म्हणून कळवते.”

पेपरातली अक्षरं पार पुसट झाली.

संध्याकाळी नवऱ्याने तिची बादली काढून ठेवली. “पाणी गरम आहे. आंघोळीला जातेस ना?”

“आज नको,” आपल्या घोट्याकडे बघत नीळमावशी म्हणाली.