हॉटेल काही लेकीचं घर नव्हे

निघोज्याच्या आबाजींनी लेकीच्या घरी अजून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. लग्नाला पाचेक वर्षं होऊन गेली होती. बरं, रुसवाफुगवा म्हणाल तर तो कधीच मिटलेला. जावई म्हणजे गणराज, त्यांच्याच भाड्याच्या खोलीत राहिलेला लातूरकडचा पोरगा, चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारा. तेजस्विनीनं त्याच्याशीच लग्न करणार म्हटल्यावर आबाजींनी तोंड फिरवलं, पण किती दिवस फिरवणार? पोरगा निर्व्यसनी निघाला, मान देणारा निघाला. आधी मालक म्हणायचा, आता मामा म्हणायला लागला. मग दिवाळसण झाला, धोंड्याच्या महिन्यात अनारसे झाले, जावयाला अंगठी झाली. राहिलं ते एक अन्नाचं.

लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही, अशी त्यांच्या घरातली रीत. आबाजींच्या बापानं पाळली, आज्यानं पाळली. पुढं जमीन कंपन्यांना गेली, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या, दारात पांढरी गाडी आली. सगळं बदललं, मग हीच एक रीत काय सोन्याची लागून गेली होती? पण नाही. आबाजी एकदा नाही म्हणाले की नाही.

मग व्हायचं काय, की दोघं नवराबायको पिंपळे सौदागरला लेकीच्या फ्लॅटवर जायची, सोफ्यावर अंग चोरून बसायची, आणि तेजस्विनीनं केलेल्या स्वयंपाकाचा नुसता वास घेऊन परत यायची. ती बया तरी कशी! खाणार नाहीत हे माहीत असून दर खेपेला रांधायची. कधी पुरणपोळी, कधी मासवड्या. बेसनाची मासवडी म्हणजे आबाजींचा जीव की प्राण. झाकलेल्या ताटाकडे बघून ते म्हणायचे, वास झकास सुटलाय, होऊ दे एकदा, मग बघ कसा आडवा हात मारतो. तेजस्विनी हसायची आणि ताट आत न्यायची. शालनबाईंना आत तुटायचं. पण नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायची त्यांना सवयच नव्हती. आणि सवय नसली की माणसाला ते सुचतसुद्धा नाही.

तेजस्विनीला दुसरं काही नको होतं. आपण वाढावं आणि आईबापानं जेवावं, बस. दोनदा पोट राहिलं आणि दोन्हीदा गेलं, तेव्हापासून तर तिनं हा ध्यासच घेतला होता. तोड शेवटी गणराजनं काढली. चिंचवडला नाटक लागलं होतं, हसवणारं. त्यानं चार तिकिटं काढली आणि सासऱ्यांना फोन केला, की मामा, नाटकाआधी तिथंच एका चांगल्या हॉटेलात जेवू. हॉटेल काही लेकीचं घर नव्हे.

आबाजींनी रात्रभर विचार केला. इतका विचार त्यांनी जमीन देतानाही केला नसेल. सकाळी फोन करून सांगितलं, की येतो, पण बिल माझं. गणराज बरं म्हणाला. शालनबाईंनी कपाटातली ठेवणीतली इरकल काढली. लेक माहेरी यायची, जेवायची, पण ती तिथं पाहुणी. इथं ती वाढणार होती आणि आपण जेवणार होतो. नाटकाचं नाव काय, हे विचारायचंही त्यांना भान राहिलं नाही.

हॉटेल नाट्यगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. रविवारचा दिवस, त्यात निम्मी गर्दी नाटकाचीच: गजरे, रेशमी साड्या, इस्त्रीचे झब्बे, आणि सगळ्यांची नजर घड्याळावर. वेटरलाही ते पाठ झालेलं. टेबलाशी आला की पहिलं विचारायचा, नाटकाला का? मग थाळी नका घेऊ, सुटं घ्या, लवकर येतं. एसीचा गारठा असा की शालनबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

आबाजी रंगात आले होते. माळकरी माणूस, त्यामुळं पनीर आणि भाज्याच. पण आधी सूप आलं, तेव्हा त्यांनी वाटीत डोकावून बघितलं आणि हे आजारी माणसाला देतात म्हणाले. गणराजला हसू आवरेना. मग रोट्या आल्या, भाजी आली, आणि वेटर वाढायला वाकला, तशी तेजस्विनीनं त्याच्या हातातला चमचा घेतला. मी वाढते म्हणाली. तिनं बापाच्या ताटात भाजी घातली, कांदा ठेवला, वर लिंबू पिळलं. आबाजींनी घास मोडला आणि तोंडात घातला. काही मोठं घडलं नाही, छप्पर कोसळलं नाही. त्यांनी आणखी मागितलं. तेजस्विनीनं आणखी वाढलं. गणराज मान खाली घालून आपल्या ताटात बघत बसला, कारण त्याचे डोळे भरून आले होते. शालनबाईंना वाटलं, इतकं सोपं होतं हे, मग एवढी वर्षं कशाला वाया घालवली?

त्यांनी दोन घास खाल्ले असतील नसतील, तेजस्विनी म्हणाली, आई, जरा हात धुवायला चल.

आत आरशासमोर एक बाई गजरा नीट करत होती. ती जाईपर्यंत तेजस्विनी नुसतेच हात धूत राहिली. मग नळ बंद केला.

"आई, ते अपेंडिक्सचं ऑपरेशन नव्हतं. पिशवी काढली माझी."

शालनबाईंना आधी नीट उमजलंच नाही. मग उमजलं. मागच्या पावसाळ्यात लेकीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दवाखान्यात जाऊन बसल्या होत्या, शहाळं घेऊन. पोरगी पांढरीफटक पडली होती. अपेंडिक्सनं इतकं होतं का, असं मनात आलंही होतं, पण विचारलं नव्हतं. रक्त थांबेना, डॉक्टर म्हणाले जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नाही, गणराजनं सही केली. हे सगळं तेजस्विनीनं सांगितलं, आणि सांगताना रडलीसुद्धा नाही. रडून झालं असावं केव्हाच.

"आम्ही दत्तक घ्यायचं म्हणतोय. मग जेवतील का गं आबा?"

आबाजींच्या चुलतभावानं दत्तक घेतलेला मुलगा आता लग्नाला आला, तरी आबाजी त्याला अजून आणलेलं पोर म्हणतात. वाईट मनानं नाही, आपलं सहज म्हणतात. शालनबाईंनी बंद नळ उगाच पुन्हा आवळला. तेजस्विनीला कळायचं ते कळलं.

"तू तरी?" तिनं विचारलं.

शालनबाईंनी तिचे ओले हात आपल्या हातात धरले. "मी खाईन. आजपासनं खाईन. कोन काय म्हनायचंय ते म्हनू दे."

त्या खोटं बोलत नव्हत्या, बरं का. त्या क्षणाला त्यांच्या मनात तसंच होतं. फक्त आबांना आज सांगू नको म्हणाल्या, नाटक होऊ दे, मी सांगते त्यांना माझ्या पद्धतीनं. तेजस्विनीनं मान हलवली. परत येताना ती काउंटरपाशी थांबली आणि तिनं बिल भरून टाकलं. शालनबाई शेजारीच उभ्या होत्या. अडवावं असं त्यांना वाटलं नाही. उलट बरं वाटलं, फार बरं वाटलं. खाल्लेलं अन्न आता खरोखर लेकीचं झालं होतं.

टेबलावर आल्यावर मात्र त्यांना घास उतरेना. रोटी बोटांनी तोडायच्या आणि ताटातच ठेवायच्या. तेजस्विनीनं दोनदा बघितलं. शेवटी वेटरनं भरलं ताट उचलून नेलं.

आबाजींनी ढेकर दिला, मिशीवरून हात फिरवला आणि बिल आणायला सांगितलं. वेटर बडीशेप घेऊन आला. मॅडमनी मघाशीच भरलं, म्हणाला.

गणराजनं चमकून बायकोकडे बघितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आबाजी थोडा वेळ बडीशेपेच्या वाटीकडे बघत बसले. आता चिडतील, उठून जातील, असं सगळ्यांना वाटलं. चिडले असते तर परवडलं असतं हो. चिडलेल्या माणसाला तोंडावर काही सांगता येतं. पण आबाजी चिडले नाहीत. त्यांनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या नाहीत, लेकीचा हात ओढून त्यात ठेवल्या आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. आवाज इतका मऊ झाला होता, की शालनबाईंनी तसा तेजस्विनीच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

"राग न्हाई आला, पोरी. नातू दे माझ्या मांडीवर, मग तुझ्याच हातचं खातो. रोज येतो. गनराज वैतागल, म्हनल, म्हातारा जातोय कधी. पर तवर न्हाई."

आणि हसले. मनापासून हसले, डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात लेकीला इतक्या मायेनं ते दुसरं काही बोलले नसतील.

"बरं, आबा," तेजस्विनी म्हणाली आणि तिनं नोटा पर्समध्ये टाकल्या. गणराजनं मान दुसरीकडे वळवली. हीच वेळ होती. शालनबाईंनी तोंड उघडलं असतं, अहो, आता नातू व्हायचा नाही, तेव्हा खायचं तर आजच खा, एवढंच म्हणाल्या असत्या, तर काय झालं असतं ते झालं असतं. त्यांनी पदर सावरला आणि नाटकाची वेळ झाली म्हणाल्या.

नाटक म्हणजे घरातल्या गोंधळावरचं, उगाच धावपळ, उगाच लपाछपी. लोक खोखो हसत होते. आबाजी तर मांडीवर थाप मारून हसत होते आणि दर हशाला शालनबाईंना कोपरानं ढोसत होते, बघितलं का, म्हणून. त्या बघत होत्या, पण त्यांना स्टेजवर काही दिसत नव्हतं. अंधारात त्या हिशोब करत होत्या, की गाडीत सांगावं का घरी गेल्यावर सांगावं, का चार दिवसांनी आळंदीला जाऊ तेव्हा देवासमोर सांगावं. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना आबाजींचा चेहरा दिसायचा. मग त्या दुसरं ठिकाण शोधायच्या.

मध्यंतर झालं. नाटकाचं मध्यंतर म्हणजे बटाटेवडा, त्याला पर्याय नाही. सगळं नाट्यगृह त्या एका वासानं बाहेर खेचलं गेलं. ही चौघं व्हरांड्यात खांबापाशी उभी राहिली. गणराज मी आणतो म्हणाला, पण तेजस्विनीनं त्याला थांबवलं आणि स्वतः गर्दीत शिरली. परत आली ती कागदात दोन वडे घेऊन. बापाकडे गेली नाही, नवऱ्याकडे गेली नाही. सरळ आईसमोर येऊन उभी राहिली आणि कागद पुढं केला.

"आई, घे."

तिनं डोळे आईच्या डोळ्यांवरून हलवले नाहीत. ही कशाची परीक्षा आहे, हे शालनबाईंना ठाऊक होतं. वडा गरम होता, कागदाला तेल सुटलं होतं. सकाळपासून पोटात दोन घासांपलीकडे काही नव्हतं आणि भूक सडकून लागली होती. हात पुढं करायचा, बस. पण शेजारी आबाजी उभे होते आणि तेही बघत होते. रागानं नाही. ही काय करते बघू, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तेवढंही पुरलं.

"नको गं," शालनबाई म्हणाल्या. "पोट भरलंय माझं."

भरलेलं ताट परत जाताना तेजस्विनीनं स्वतः बघितलं होतं. तिचा हात तसाच पुढं राहिला, थोडा वेळ. मग तिनं कागद मिटला.

आबाजींना फार बरं वाटलं. ते जावयाला म्हणाले, "बघ, शानी हाय की न्हाई तुझी सासू? मला सांगावं लागत न्हाई." मग त्यांना वाटलं, बायकोला वडा खायचा असणार, कधी नव्हे ती नाटकाला आलीये. थांबा म्हणाले आणि धोतर सावरत गर्दीत घुसले. लोकांना बाजूला सारत परत आले तेव्हा हातात प्लेट होती, चार वडे आणि वर चटणी. पहिला वडा त्यांनी बायकोच्या हातावर ठेवला.

"हा माझा हाय," ते म्हणाले. "हा खा."

शालनबाईंनी वडा हातात धरला. लेक समोरच उभी होती. आतासुद्धा त्यांना नको म्हणता आलं असतं. पोट भरलंय, हेच पुन्हा म्हणता आलं असतं. पण आबाजी वाट बघत होते, इतक्या कौतुकानं, की शालनबाईंनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. त्या खात राहिल्या, कारण अर्धा टाकला असता तर का टाकला ते सांगावं लागलं असतं. त्यांनी पुरा वडा संपवला.

"गरम आहे का गं आई?" तेजस्विनीनं विचारलं.

"हाय की," शालनबाई म्हणाल्या.