जुनी बॅटरी कुठे गेली?

एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव सामंत कचऱ्याच्या बाबतीत भलतेच कडक! ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी सापडली, की ती कोणाची हे शोधून फोटोसकट ग्रुपवर टाकायचे.

त्या रविवारी तर त्यांनी कमालच केली. घरात सुट्या भागांचा एक लॅपटॉप होता, ज्याचा हरेक भाग स्क्रू काढून वेगळा करता येतो असा. त्याची बिजागरी मोडली होती. जयवंतरावांनी पडदा, मदरबोर्ड, स्पीकर सोडवून प्लायवूडच्या चौकटीत बसवले आणि वर मूठ ठोकली. लेकीला, स्वप्नाला, उचलून कुठेही नेता येईल असा अख्खा संगणक तयार! नवी घेतली ती फक्त बॅटरी. ग्रुपवर फोटो झळकला, 'जुनं फेकू नका, जोडा!' वाहवा झाली.

जुनी बॅटरी पुरीसारखी फुगली होती. उचकटताना तिला स्क्रूड्रायव्हरही लागला होता. ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सुक्या कचऱ्यात टाकून दिली.

सोमवारी सकाळी सफाईवाल्या आशालताबाईंनी पुठ्ठे वेगळे काढले, उरलेली पिशवी हातांनी दाबली आणि भडका उडाला. उजव्या हाताची कातडी सोलून निघाली.

ग्रुपवर निवाडा दुपारीच झाला. 'बाई तांब्यासाठी तारा जाळत असेल. कामावरून काढून टाका.' पत्र लिहायचं काम सेक्रेटरींचं. जयवंतरावांना सगळं कळलं होतं, तरी ते मुकाट्याने त्या नव्या संगणकासमोर बसले आणि टाइप करू लागले.

इतक्यात तळमजल्यावरच्या इझाबेलबाई आल्या. निवृत्त नर्स. आशालताबाईंना दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

"दोन बोटं आता मिटणार नाहीत, म्हणाले डॉक्टर. आणि ती काय विचारते? 'सिस्टर, उद्या माजं काम कोन करील?'"

"फार वाईट झालं," जयवंतराव पुटपुटले.

"छान झालाय हो संगणक. सगळे भाग जुने, बॅटरी तेवढी नवी. मग जुनी कुठे गेली?"

स्वप्नाने चमकून वडिलांकडे पाहिलं.

"सुक्या कचऱ्यात. पण मला कल्पना नव्हती..."

"असं म्हणू नका. फुगलेली असणार ती, लेकीजवळ नको वाटली, म्हणूनच घाईने घराबाहेर काढलीत ना? मग आशालताच्या हातात कशी चालली?"

अरेरे! दुधाच्या पिशवीवरून लोकांची अब्रू काढणारा हा माणूस! जयवंतरावांना शरमेने मान वर करवेना. त्यांनी पत्र पुसलं आणि ग्रुपवर लिहिलं, 'आग माझ्या बॅटरीने लागली. आशालताबाईंचा काहीही दोष नाही. त्यांचं औषधपाणी आणि घरखर्च मी बघेन.' या वेळी वाहवा करायला कोणी आलं नाही.

आता गेटजवळ बॅटऱ्यांसाठी रेती भरलेली पत्र्याची पेटी आहे. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रावर ती जयवंतराव स्वतः पोहोचवतात. आशालताबाईंची ती दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत.

वाचकहो, आपण टाकलेली वस्तू कोणाच्या तरी हातात जाते. ज्याची आपल्या घरात भीती वाटते, ते दुसऱ्याच्या हाती गुपचूप देणं हा गुन्हाच आहे!

आशालताबाई तीन महिन्यांनी कामावर परतल्या. जयवंतरावांच्या दारातली पिशवी त्या अजून लगेच उचलत नाहीत. धड राहिलेला डावा हात मागे घेऊन रोज विचारतात, "साहेब, ह्यात काय हाय?"

आणि जयवंतराव रोज खाली बसून पिशवी उघडून दाखवतात.