चाकेश्वर महाराजांचा सिद्ध टायर

"धरला! टायर धरला रं धरला!"

फेऱ्यांची वेळ मोजणाऱ्या पोपटचा आवाज कर्ण्यातून फुटला आणि बांधावर दाटलेली माणसं उड्या मारायला लागली. पेणजवळच्या जिते गावाहून खाडीकडे उतरलं की एक मिठागर लागतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पण पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तुडवून घट्ट केलेली त्याची जमीन अजून ताटासारखी सपाट होती. उन्हाळ्याच्या रविवारी तिच्यावर मोटारसायकलींच्या फेऱ्या चालत. खाडीच्या अंगाला एक अवघड वळण होतं. सकाळी त्याच वळणावर कमळाकरची गाडी अशी घसरली होती की बघणारे हसून हसून खाली बसले. आता दुपारी गाडी तीच, कमळाकर तोच, फक्त मागचं चाक बदललेलं. त्याला लाल दोरा होता, कुंकू होतं. गाडी वळणावर कलली, पालीसारखी जमिनीला चिकटली आणि सुसाट बाहेर पडली.

पोपटनं हातातलं घड्याळ उंच धरलं. "सकाळच्या परीस अकरा सेकंद कमी! बोला, चाकेश्वर महाराज की..."

"जय!"

महाराज रोह्याकडून आलेले. मांडवात ट्रकचा टायर आडवा टाकून, त्यावर भगवी चादर घालून ते बसत. त्यांचं बोलणं ऐकायला पेणपासून माणसं यायची.

"टायर म्हंजे काय? रबर. रबर म्हंजे काय? झाडाचं रक्त. झाड कुणाचं? देवाचं! मग देवाचं रक्त देवाच्या जमिनीवर घसरंल कसं? कंपनीवाला टायरात हवा भरतो, मी प्राण भरतो. नक्षी झिजंल, टायर नारळासारखा गुळगुळीत हुईल, पर प्राण झिजत नाय!"

लोक माना डोलवत. मग आपापल्या गाड्यांचे टायर पुढे करत. महाराज टायरावर फुंकर घालत, अंगारा चोळत, दोरा बांधत. दक्षिणा शिष्य घेत.

या सगळ्या थाटाच्या मधोमध कमळाकर उभा असे, आणि त्याला श्वास घ्यायला जागा नसे.

तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता. गाडी चालवण्याचा नाद लहानपणापासूनचा. महाराजांनी त्याला गर्दीतून बोट दाखवून निवडलं, 'देवाचा सवार' म्हणून. त्या दिवसापासून त्याच्या दारात ओळखीची-अनोळखी माणसं चपला काढायला लागली. त्याची आई बायजाबाई सुनेच्या हातचा चहा बाजूला ठेवून आधी महाराजांच्या तसबिरीला हात जोडायची. पहिल्या दोन-तीन रविवारी कमळाकरलाही खरंच वाटलं होतं. टायर धरत होता, हे त्याच्या कंबरेला कळत होतं. कंबर खोटं बोलत नाही.

पण एका रविवारी आभाळ भरून आलं. दुपार झाली तरी ऊन पडलं नाही. आणि सिद्ध टायर त्याच वळणावर सरळ सरकला. कमळाकरचा गुडघा फुटला.

महाराज उठून आले. त्याच्या कपाळावर अंगठा दाबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टायर नाय घसरला. ह्याच्या मनात संशय आला, मन घसरलं. सांग, आला व्हता ना संशय?"

हजार डोळे त्याच्यावर. कमळाकरनं मान हलवली. दुसरं करणार काय? टायर धरला तर महाराजांचा, घसरला तर त्याचा. असा पिंजरा, की ज्याला दारच नाही.

या पिंजऱ्यात एक दिवस त्याची बहीण रंभा येऊन बसली. तिचा नवरा महिपती गावातली पोरं टमटममधून पेणच्या शाळेला नेई-आणी. त्यांचा स्वतःचा मुलगाही त्यातच असायचा.

"दादा, ह्यांनी काय केलाय ठाव हाय? नवं टायर आणायचं ठरलं व्हतं. आता बोलतान, गरज नाय, महाराजांकडून दोरा बांधून आणलाय. चारी-पाची बोटं फिरवली त्या टायरावरनं, एक रेघ लागत नाय हाताला!"

ओटीवर महिपती हसत उभा होता. "अगो, तुझा भाऊ त्याच टायरावर वाऱ्यासारखा जातो, ते बघत नाय व्हय तू? काय मेव्हणे, सांगा हिला. धरतो का नाय?"

रंभा भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. आतून बायजाबाई म्हणाली, "अगो, सवाराला काय इचारतीस? त्याच्या नावावर तर सगळी बांधतान दोरं."

"बघू," एवढंच कमळाकर म्हणाला. रंभा उठून गेली. जाताना तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

शाळा सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते. पावसातला महामार्ग आणि त्यावर ती टमटम, पोरांनी भरलेली, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. कंपनीतून सुटल्यावर तो घरी न जाता इंदुबाईंकडे गेला. इंदुबाईंनी त्याला शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि महिपतीच्या टमटममधली बरीच पोरं आता त्यांच्याच वर्गात होती. बाई मागच्या रविवारी बांधावर येऊन फेरी बघून गेल्या होत्या.

"कमळाकर, मला एक सांग. साधा टायर नेहमी सकाळीच का पळवता?"

"महाराज बोलतात, सूर्य डोक्यावर आला की प्राण जागा व्हतो. तवाच सिद्धाचा मुहूर्त."

"आणि दुपारी साधा टायर कधी लावून बघितलास?"

"नाय." इतक्या दिवसांत हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"तुझी आई मिठागरात कामाला होती ना? सकाळी कशी चालायची?"

"बोटं रुतवून. सकाळची जमीन पाय ठरू देत नाय. ऊन चढलं की मग..." तो थांबला.

"घरात बरणीतलं मीठ दमट हवेत ओलं होतं, तसंच आगरातलं. रात्रभर हवेतलं पाणी ओढतं, सकाळी वर बुळबुळीत थर असतो. दुपारी तो वाळून कडक होतो, वर रबरही तापून नरम होतं. मग कुठलाही टायर धरणार. सगळ्या गावाच्या पायांना हे ठाऊक आहे. चाकांना तोच नियम लागतो, एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नाही."

"पण बाई, मी हे बोललो तर म्हणतील, संशय."

"बोलू नकोस. दोरा बदल."

पुढच्या रविवारी उजाडताना मिठागराच्या जुन्या छपराखाली तिघं होते. कमळाकर, बाई आणि पोपट. दोन्ही टायर एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले. सिद्ध टायरावरचा दोरा आणि कुंकू काढून कमळाकरनं साध्या टायराला लावलं. पोपट आनंदानं साक्षीला उभा राहिला होता. "बगा बाई," तो म्हणाला, "दोरा नसला तरी महाराजांचा टायर धरणार. तुमचीच फजिती हुईल."

सकाळी कमळाकर मंतरलेल्या, पण बिनदोऱ्याच्या टायरावर निघाला. वळणावर मागचं चाक असं सुटलं की गाडी एकीकडे आणि तो दुसरीकडे.

मांडवातून महाराज खदाखदा हसले. "बगा! बगा कंपनीचा माल! ह्याच्यावर तुमी बायकापोरं बसवतान? अरं, ह्या टायरात प्राण असता तर असा मेल्यागत लोळला असता का?"

गर्दी हसली. पोपटनं मात्र कर्णा खाली घेतला.

दुपारी लाल दोऱ्याचा साधा टायर लागला. वळण आलं, गाडी कलली, चिकटली, सुटली. जयजयकारानं बांध दणाणला. महाराजांनी कमळाकरला मिठी मारली. महिपती टमटमच्या टपावर चढून ओरडत होता. बायजाबाई पदरानं डोळे टिपत होती. कमळाकरनं पोपटकडून कर्णा घेतला. महाराजांचा हात खांद्यावर जड झाला. आता गप्प राहिलं तर सगळे खूश. फक्त गर्दीच्या कडेला रंभा मुलाचं मनगट धरून उभी होती, आणि ती जयजयकार करत नव्हती.

"आता पळला तो साधा टायर हाय," कमळाकर म्हणाला. "महाराजांचा सकाळीच लोळला. दोरा मी बदललाय."

एकच गलका झाला. "खोटं बोलतो!" "मारा त्याला!"

"खोटं नाय!" पोपट पडलेल्या तोंडानं पुढे आला. "माझ्या म्होरं बदलला. मीच साक्षी."

महाराज डगमगले नाहीत. "अरं येड्यांनो, हा माझा सवार! माझी शक्ती टायरातनं सवारात शिरली!"

"सकाळी सवार दुसरा होता का?" इंदुबाईंनी विचारलं.

मागून कुणीतरी हसलं. महाराजांनी त्या दिशेला डोळे वटारले. तेवढ्यात आणखी दोघं हसले.

बाईंनी मीठ, ऊन आणि जमीन यांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. म्हाताऱ्या आगरकरणींनी एकमेकींकडे बघितलं. बायजाबाई हळूच म्हणाली, "व्हय गो. सकाळचा पाय नाय ठरत. आपल्याला कसा नाय सुचला?"

महिपती टपावरून उतरला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आगराचं सोडा. माझ्या टायराचा काय? मी रोज चालवतो, एकदा नाय घसरलो!"

"पाणी आणा," बाई म्हणाल्या.

चहाच्या टपरीमागचे हंडे आले. कडक जमिनीचा एक पट्टा ओला केला. महिपती एकटाच टमटम घेऊन आला आणि त्यानं पट्ट्यावर ब्रेक दाबला. चाकं थांबली, टमटम थांबली नाही. ती तशीच सरकत गेली, गर्रकन फिरली आणि तोंड मागं करून बांधाला आदळली. मग कमळाकरनं आपली मोटारसायकल आणून त्याच ओल्या पट्ट्यावर ब्रेक दाबला; तिच्या दोन्ही टायरांवरची नक्षी शाबूत होती. गाडी जराशी हलली आणि उभी राहिली.

"टायरावरच्या रेघा शोभेला नसतात," बाई म्हणाल्या. "मिठाच्या बुळबुळीत थरावर त्यांचाही इलाज चालत नाही, पण कडक जमिनीवर चाकाखालचं पाणी त्यांतून बाहेर जातं. रेघा गेल्या की पाणी खालीच राहतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. कोरड्यात कळत नाही, पावसात कळतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो."

महाराजांचा मांडव कधी रिकामा झाला ते कुणी बघितलं नाही. महिपती खाली उतरला. टमटमच्या मागच्या बाकाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग रंभाजवळ आला.

"पोराला घेऊन चालत जा घरी," तो म्हणाला. "नवं टायर लागल्याबिगर ह्या गाडीत कोन बसायचा नाय. मीबी नाय."

ज्याला देवाला हात जोडायचे त्यानं खुशाल जोडावेत. पण कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारावं, की हेच दुसऱ्या वेळी, दुसऱ्या हातानं, दोऱ्याशिवाय होतं का? विचारल्यानं खरं असेल त्याचं काही बिघडत नाही. आणि 'विचारू नको, संशय घेऊ नको' असं जो सांगतो, त्याच्या भरवशावर आपली लेकरं गाडीत बसवू नयेत.